एकशेविसावी निरोगी

प्रयोगशाळेत नवी तपासणी सुरू करायची तर आधी निरोगी माणसं गोळा करावी लागतात, आणि हॉस्पिटलात नेमकी तीच मिळत नाहीत. रक्तातलं सेरोटोनिन, म्हणजे मनाच्या उभारीशी जोडलं जाणारं रसायन, निरोगी माणसात किती असतं, हे ठरवायला एकशेवीस जण हवे होते. रोगी आपल्या पायांनी चालत येतो. निरोगी माणूस सुई दिसली की गावाला जातो. प्रयोगशाळेची प्रमुख डॉक्टरीण, म्हणजे या गोष्टीतली थोरली जाऊ, लिफ्टवाल्यापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांचं रक्त काढून बसली होती. एक जण कमी पडत होता.

तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानात तिची धाकटी जाऊ फार्मासिस्ट होती. दोघी एका घरात राहत, एका इमारतीत काम करत आणि एकमेकींशी कामापुरतं व टोमण्यापुरतं बोलत. काम क्वचितच निघे.

“तुझं रक्त हवंय,” थोरली काउंटरवर येऊन म्हणाली.

“आठ वर्षं पिताय की, ताई. अजून उरलंय म्हणता?”

“निरोगी कोणी मिळेना, म्हणून तुझ्यापर्यंत यावं लागलं. काही औषध चालू आहे?”

“नाही.”

हे खोटं होतं. गेले काही महिने ती उदासपणावरची गोळी घेत होती. नवऱ्याला पत्ता नव्हता. सासूबाईंना लागला असता, तर त्यांनी फोन करकरून तो नातेवाइकांत वाटला असता. शिवाय धाकटीचं गणित पक्कं होतं. ही गोळी सेरोटोनिन वाढवते, असं ती गिऱ्हाइकांना रोज सांगायची. आपलं कमी होतं, गोळीनं भरून निघालं. आता आकडा कसा छान नॉर्मल येईल. तिनं हात पुढे केला. थोरलीची सुई दोनदा चुकली. मुद्दाम, असं धाकटीचं मत. धाकटीनं शीर लपवली, असं थोरलीचं.

आकडा आला तो जवळजवळ शून्य. थोरलीनं यंत्र तपासलं, नमुना पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तिनं धाकटीला वर बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“गोळी घेतेस.”

“कसली गोळी?”

“विकतेस ती.”

धाकटीतल्या फार्मासिस्टला राहवेना. “पण ती वाढवते ना?”

“मेंदूत. रक्तातलं सगळं प्लेटलेट साठवून ठेवतात आणि गोळी त्यांचंच दार बंद करते. कोठार रिकामं. या तासाला झोपली होतीस वाटतं.”

“घरी सांगणार?”

“कशामुळे सुरू केलीस?”

“खरं सांगू?”

“खोटं सांगून झालंय तुझं.”

“तुमच्यामुळे.”

असा आरोप झाला की माणूस आधी नाकारतो. थोरली शास्त्रातली होती. तिनं आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“एकट्या माझ्यामुळे?”

“सासूबाईंचाही हातभार आहे. पण सिंहाचा वाटा तुमचा.”

“हं. गोळी मध्येच बंद करू नकोस. आणि नीघ आता, माझा नमुना वाया घालवलास.”

“ताई, घरी...”

“नीघ म्हटलं ना.”

संध्याकाळी जेवताना सासूबाईंनीच विषय काढला. “काय म्हणतंय धाकटीचं रक्त? नॉर्मल आहे का? मला बाई पहिल्यापासून शंका आहे.”

धाकटीचा घास हातातच राहिला. थोरली सावकाश पाणी प्यायली.

“नमुना गोठला. फेकून दिला. हिच्याकडून धड काही मिळालंय का कधी?”

“सुई धरता येत नसली की असंच होतं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. रागानं कापतोय असं सगळे धरून चालले. त्या घरात तेच सोयीचं होतं.

“माझं घ्या,” सासूबाई म्हणाल्या. “या घरात नॉर्मल मी एकटीच.”

“साठच्या आतले हवेत,” थोरली म्हणाली आणि सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

आता हे वाढणार, असं दिसल्यावर धाकटीच्या नवऱ्यानं जेवता जेवता डावा हात पुढे केला. “माझं घ्या वहिनी, पण भांडू नका.”

दुसऱ्या दिवशी त्याचा आकडा आला. एकशेवीस निरोगी माणसांत बरोब्बर मधोमध. घरात काय चाललंय याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती.