गाऱ्हाण्याच्या वेळी तोंडाला पाणी

या शिमग्यात कोंडाजीकाकांनी सोमजाईपुढे सगळं गाऱ्हाणं शेवटापर्यंत घातलं आणि गावातलं एकही माणूस 'होय महाराजा' म्हणालं नाही. नंतर गावकीत एकमताने ठरलं की असं काही झालेलंच नाही. तेव्हा मी सांगतोय तेही न झालेलंच आहे.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवीकडे केलेली मागणी. नारळ ठेवला की सुरू होतं, आणि संपेपर्यंत घालणाऱ्याने पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. तो थांबेल तिथे गावाने 'होय महाराजा' म्हणायचं. गावाचा होकार नसेल तर देवी फाईल उघडत नाही.

गेल्या वर्षी काका 'आमच्या गावावर रोगराई' इथवर आले आणि त्यांची जीभ टाळूला चिकटली. पुढचं 'येऊ देऊ नको' आतच राहिलं. ते थांबले, म्हणून गाव शिस्तीत म्हणालं, होय महाराजा. पावसाळ्यात अख्ख्या गावाचे डोळे आले. गणपतीला चाकरमानी उतरले तर स्टँडवर सगळं गाव काळे चष्मे लावून उभं.

मुंबई मंडळाच्या महिपतने तेव्हाच जाहीर केलं की पुढच्या शिमग्याला गाऱ्हाणं रेकॉर्ड करून स्पीकरवर लावायचं, स्पीकरला तहान लागत नाही. काका पिढीजात मानकरी. ते एवढंच म्हणाले, "तोंड माझं हाय. खडखडीत झालं तरी माझंच बोलणार."

मी वीर स्टेशनवर रिक्षा चालवतो. काकांना आणि बयाबाई काकींना रिक्षात घालून महाडला डॉक्टर अपेक्षांकडे नेलं. त्यांनी साखर तपासली, ती ठीक निघाली. मग त्या काकांना प्रश्न विचारत गेल्या आणि काकी उत्तरं देत गेल्या. सर्दीची गोळी रोज, डॉक्टरला न विचारता. सकाळी मिश्री. दिवसभर कोरा चहा, पाणी कोणी हातात दिलं तरच. आणि झोपेत तोंड उघडं ठेवून घोरणं.

"मांजर येऊन आत बघून जातं," काकी म्हणाल्या.

डॉक्टरांनी गोळी बदलली, मिश्री बंद केली, घोट घोट पाणी आणि चघळायला बडीशेप सांगितली. भीतीनेही तोंड सुकतं, हेही सांगितलं.

"म्हशीला भीत नाय, मला भीत नाय," काकी म्हणाल्या, "त्या महिपतला तेवढे भितात."

ते काकांना लागलं. शेतात राब भाजायला जाताना त्यांच्या खांद्यावर बाटली दिसू लागली. कुशीवरच झोपता यावं म्हणून ते पाठीशी पाटा लावून झोपायला लागले. गोठ्यात म्हशीपुढे गाऱ्हाण्याची तालीम चाले. म्हैस मान हलवी, तो होकार धरला जाई.

ऐन गाऱ्हाण्यात पाणी चालत नाही, त्याचं काय? मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, आंबट सारखं खाऊ नका, दात झिजतात. पण नुसतं बघितलं तरी लाळ सुटते.

तर पालखीच्या दिवशी मी देवीच्या बाजूला, काकांच्या बरोबर समोर उभा. हातात कैरी, मीठ-तिखट लावलेली. काकांच्या मागे महिपत, काखेत स्पीकर. काका 'रोगराई'वर आले, ओठ चिकटले. मी कैरीचा कचकन तुकडा तोडला आणि एक डोळा मिटला.

काकांचं तोंड पाझरलं. ते सुटले ते थेट शेवटापर्यंत. पण काकांसमोर मी, म्हणजे सगळ्या गावासमोरच मी. काका थांबले की गाव तोंडचं पाणी गिळत होतं. महिपतने तर तोंडावर रुमाल धरला होता. मागणी पूर्ण, होकार शून्य.

महिपतने रुमालातूनच स्पीकरकडे बोट दाखवलं. काकांनी तिकडे बघितलंही नाही. "पहिल्यापासून," ते म्हणाले.

"यशराज, गीळ ती," काकी म्हणाल्या. मी कैरी कोयीसकट गिळली. कोय कोवळी होती म्हणून हे सांगायला आहे.

काका पुन्हा 'रोगराई'वर आले, माझ्याकडे बघितलं. मी रिकामं तोंड हलवलं. तेवढ्यावर भागलं. "येऊ देऊ नको," काका म्हणाले, आणि गाव असं ओरडलं की पालखी धरणारे दचकले. त्यात महिपतचाही आवाज होता. स्पीकरवर गुलालाचं ताट ठेवलं गेलं.

फक्त ती कैरी देवळासमोरच्या आंब्याची एकुलती एक होती. म्हणून काकांच्या सांगण्यावरून लिहितो:

मा. तालुका कृषी अधिकारी यांस सविनय सादर, की सोमजाई देवळासमोरील आंब्यास दरवर्षी पालखी उठण्यापूर्वी किमान एक कैरी, तीही आंबटच, धरण्याबाबत लेखी समज देण्यात यावी. सदर आंब्याने टाळाटाळ केल्यास त्याची अन्य तालुक्यात बदली करून त्याच्या जागी होतकरू आंबा तात्काळ रुजू करावा, ही विनंती.