अक्काबाईंचा पाय आणि माझी पाती

मी चिखल कालवणारा ड्रम बोलतोय. हसू नका! घरं बांधायच्या कामातला आहे मी. पंच्याण्णव साली बारामतीत वेल्डिंगवाल्या इब्राहिमभाईंनी जुन्या कडबाकुट्टीचं इंजिन, चार पाती आणि अर्धा ड्रम जोडून मला उभं केलं. म्हणाले, "पाच माणसांचं तुडवणं तू एकटा करशील बघ." केवढा फुगलो होतो मी!

मला वरकुट्याला, आपल्या गावी, नेलं धम्मदीपनं. तो कारखान्यात नोकरीला. त्याची आई अक्काबाई जन्मभर लोकांच्या भिंतींसाठी चिखल तुडवत आलेली. गुडघे पार गेलेले. आता त्यांचं स्वतःचं मातीचं घर होत होतं आणि पावसाच्या आत भिंती उभ्या राहायलाच हव्या होत्या. तोवर बिऱ्हाड पत्र्याच्या छपरात.

"आये, तू आता फकस्त बसायचं," धम्मदीप म्हणाला. मला वाटलं, बाई खूश होतील. त्या तर तोंड फिरवून बसल्या! माझं काय चुकलं, काही कळेना.

इंजिन धडधडलं. पांढरी माती, भुसा, पाणी घातलं की घटकाभरात चिखल तयार. धम्मदीप लगेच भिंत चढवायला लागला.

"आरं, आठ दिस माती मुरू दे की!" अक्काबाई ओरडल्या.

"मशीन हाय न्हवं? मुरवायची कशाला?"

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी भिंतीला हातभर भेगा. शेजारचे गेणबा मला बोट दाखवून म्हणाले, "घाला ह्याला भंगारात." मी हादरलोच. चिखल तर नीट कालवला होता, मग घोडं अडलं कुठं?

अक्काबाई काठी टेकत आल्या. "त्याचा काय गुन्हा न्हाय. त्याला पाय न्हाईत, माती मुरली का न्हाय त्याला कसं कळावं?"

भिंत पाडली. माती खड्ड्यात भिजत घातली. रोज सकाळी अक्काबाई त्यात एक पाय घालायच्या, बोटं हलवायच्या. "आजून न्हाय." आभाळ भरून यायचं, धम्मदीप चिडायचा, मी नुसता उभा. त्या बोटांना काय कळत होतं, देव जाणे!

नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता. लाव तुझं इंजिन."

जीव तोडून फिरलो मी! पावसाच्या आत भिंती झाल्या आणि पावसात जागच्या हलल्या नाहीत. "औंदा गुडघ्यात कळ न्हाय आली," म्हणत अक्काबाईंनी माझ्या पोटावर थाप मारली. ती थाप मी विसरलेलो नाही.

गेल्या साली अक्काबाई गेल्या. परवा गेणबांनीच मला गोठ्याच्या भिंतीसाठी मागून नेलं. माती भिजवलेली होती. "झाली का रं?" त्यांनी धम्मदीपला विचारलं. त्यानं चप्पल काढली, पाय घातला, आईसारखी बोटं हलवली. पुन्हा पुन्हा हलवली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "मला बी कळंना."

खड्ड्याशेजारी थांबलोय मी. इंजिनात डिझेल आहे, पाती घासलेली आहेत. तुमच्यात कुणाच्या पायाला कळत असेल, तर या हो एकदा.