हॉबर्टचा जोड

टाकून देणं हे ओलेटाच्या बाबांच्या, हॉबर्टच्या, रक्तातच नव्हतं. ट्रकचा मोडका कमानपाटा असो की झिजलेली कानस, सगळं भट्टीमागच्या ढिगात जायचं. तुकडा आखूड पडला तर त्याला दुसरा सांधायचा. "जोड नीट बसला की देवालाही सापडत नाही," असं ते ऐटीत म्हणायचे.

त्याच सवयीने त्यांचा घात केला. सुरे घडवणाऱ्यांच्या संघटनेच्या परीक्षेत त्यांच्या सुऱ्याने दोर कापला, लाकूड तोडलं, आणि वाकवल्यावरही तो मोडला नाही. मग परीक्षक ड्यूईकाकांनी मूठ काढली, तर आत, मुठीत जाणाऱ्या शेपटाला, जोड! नियम सरळ होता: परीक्षेचा सुरा एकाच पोलादाचा, सांधा कुठेही नको. बाबा नापास झाले.

चर्चमध्ये बाबा आणि ड्यूईकाका पुढेही एकाच बाकावर बसत, पण त्या सुऱ्याचं नाव कुणीच काढलं नाही. फक्त ओलेटा ड्यूईकाकांकडे अंडी देऊन आली की बाबा हळूच विचारायचे, "ड्यूई काही म्हणाला का? जोडाबद्दल?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हणून ते भाता ओढायला लागायचे.

बाबा गेले आणि ढिगात त्यांच्या कमानपाट्याचा एकच तुकडा उरला. आपणही ती परीक्षा द्यायची तर त्याच पोलादाच्या सुऱ्याने, हा हट्ट ओलेटाचाच. पण तुकडा आखूड होता. शेपटाला दोन बोटं जोड दिला असता तर काम झालं असतं, आणि हात शिवशिवतही होते. तिने जोड दिला नाही. पातंच आखूड केलं, मन लावून पाणी दिलं आणि मूठ बसवली.

ड्यूईकाकांनी सुरा बघून नाक मुरडलं. "हे काय, पोरी? लोणी लावायला आणलंस?"

"आधी दोर टांगा, काका. लोण्याचं मग बघू."

टांगलेला दोर एका फटक्यात तुटला. हलक्या सुऱ्याने लाकूड तोडता तोडता खांदा भरून आला, तरी धारेने हातावरची लव साफ उतरवली. राहिलं वाकवणं. पातं व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवायचं. मोडलं तर परीक्षाही गेली आणि बाबांचं शेवटचं पोलादही. तिने मुठीवर पाइप चढवला आणि डोळे मिटून जोर लावला. पातं कुरकुरलं, वाकलं, पण मोडलं नाही.

ड्यूईकाकांनी मूठ ठोकून काढली. शेपटावरून अंगठा फिरवला.

"जोड नाही. पास झालीस." मग नजर वर न करताच म्हणाले, "तुझ्या बापाचा होता ना, तसा जोड मी जन्मात पाहिला नाही. मूठ काढूनही मला दिसला नव्हता. शेपूट उन्हात धरलं तेव्हा कुठे केसाएवढी रेघ दिसली. नियमापुढे काय करणार? पण हे त्याला सांगायचं राहूनच गेलं बघ."

ओलेटाने वाकडा सुरा फडक्यात गुंडाळला.

घरी भट्टीवरच्या खिळ्याला बाबांचा वाकलेला सुरा तसाच लटकत होता. तिने आपला त्याच्या शेजारी अडकवला.

"बाबा," ती म्हणाली, "ड्यूई म्हणाला. जोडाबद्दल."