तारा लावलेला शब्द

लाकडी पळीचा दांडा एका जागी काळपट पडलेला – तिथेच, जिथे इर्मेलीचा अंगठा वर्षानुवर्षं टेकत आला – आणि आज तो तुइयाच्या, तिच्या लेकीच्या, मुठीत आहे. न विचारता उचलली पळी, इर्मेलीच्या मनात आलं. सौनात, म्हणजे या लाकडी वाफघरात, वरच्या फळीवर बसलेल्याला विचारल्याशिवाय तापल्या दगडांवर पाणी टाकायचं नाही, हे मीच शिकवलं होतं हिला. पण मंगळवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडून आल्यापासून जे विचारायचं ते ही विचारत नाही, आणि भलतंच विचारत राहते... सरपण कुठे रचलंस, शेजारच्या बाईंचं नाव काय गं, बटाट्यांत शेपू घातलास का. कुठेतरी पाणी मुरतंय.

दगड चर्र झाले. वाफ मानेवर आली.

"आई, वाफेच्या त्या जुन्या शब्दाची सगळी रूपं म्हणून दाखव ना. पाढ्यासारखं म्हणायचीस."

"तेव्हा कानांत बोटं घालायचीस."

"आता नाही घालत. म्हण की."

बघा, कशी साखर पेरतेय. अडखळले की तळ्याकाठचं हे घर गेलं. मग शहरातली खोली, आणि सौना पाळीने, अनोळखी बायकांबरोबर. इर्मेलीला लेकीचा राग आला, आणि भीतीही वाटली.

"लेउलू," ती म्हणाली. "लेउलून, लेउलूता..."

वाफ हा अर्थ नंतरचा. आधी श्वास, जीव – माणूस गेला की अंगातून निघून जायचा तो. हा शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. फिनिश, एस्टोनियन अशा बहिणी-बहिणी भाषा शेजारी मांडायच्या आणि मागे मागे जात त्यांच्या आईपर्यंत पोचायचं, हे तिचं जन्मभराचं काम. छापताना अशा शब्दाआधी तारा, छोट्या चांदणीची खूण, लावतात – हा कुणी ऐकलेला नाही, आम्ही बांधलेला आहे, म्हणून. ती एकेक रूप म्हणत गेली: श्वासात, श्वासातून... आणि श्वासाविना? तिथे पांढरं, नुसतं पांढरं – आणि तोंडातून रूप बाहेर पडलं, नीटनेटकं.

"वा," तुइया म्हणाली. तिचे खांदे सैल पडले. "एकही चुकली नाहीस."

"तुला काय कळतंय चुकले की नाही?"

"ते खरंच," तुइया हसली. "तू म्हणशील ते बरोबर."

जिंकले मी, असं तिला वाटायला हवं होतं. पण ते शेवटचं रूप आठवलं, की त्या क्षणी नियमाने बांधलं? हात बसलेला आहे, चटकन जमतं... दोन्हीत फरक कसा कळायचा? सकाळी शेजारणीचं नाव बरोबर सांगितलं – की टपालपेटीवर वाचलं होतं? आणि वेइक्को, तिचा वारलेला नवरा, हसता हसता खोकायचा ते – तो आवाज खरंच कानात आहे, की लेकीच्या हसण्यावरून मीच मागे मागे जात तो तयार केला?

"तुइया, बाबा इथे कुठे बसायचे गं?"

"डावीकडे, भिंतीला टेकून. का?"

"असंच."

असेल डावीकडे. तिने त्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. लेकीचं उत्तर बरोबर की चूक, हे पडताळायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.