माहेरी थांबणारा खोकला

संक्रांतीच्या सुमाराला घरात सगळ्यांनाच सर्दी झाली. आधी छोट्या सोनियाला, मग धैर्यशीलला, मग सासूबाईंना आणि शेवटी क्रांतीला. गवती चहा झाला, वाफारा झाला, आल्याचा रस मधातून झाला. आठवड्याभरात घर पुन्हा कामाला लागलं. क्रांतीचंही नाक मोकळं झालं, अंगातली कणकण गेली. खोकला तेवढा राहिला. कोरडाच. घशात कुसळ अडकल्यासारखं व्हायचं आणि एकदा उबळ आली की डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय थांबायची नाही.

घर सांगलीच्या अलीकडं, कृष्णेचा पूल ओलांडला की लगेच. खाली हळद-मिरची कांडायचं मशीन, वर राहायच्या तीन खोल्या आणि दोन्हींच्या मधे लोखंडी जिना. धैर्यशीलचे वडील जोतिबा, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, त्यांनी हे मशीन टाकलं. क्रांती लग्न होऊन यायच्या आधीच ते वारले होते. आता मशीन धैर्यशील चालवायचा आणि क्रांती पुढं बसून वजन करायची, कुणाची चटणी कुठल्या डब्यात ते बघायची. ती वडूजची, बी.कॉम. झालेली, बोलायला गोड. गिऱ्हाईक बायका तिच्याशी दोन सुखदुःखाच्या गोष्टी केल्याशिवाय हलत नसत.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सिरप दिलं. म्हणाले, "सर्दी जाते, खोकला रेंगाळतो. तीन आठवडे, कधी कधी दोन महिनेसुद्धा. घाबरायचं काही नाही."

क्रांती घाबरली नव्हतीच. पण खोकल्याचं कारण प्रत्येकाकडं तयार होतं. शेजारीण म्हणाली, दही बंद कर. मावससासू म्हणाली, पोट साफ नसेल. सासूबाई, चंद्राबाई, म्हणाल्या, "वल्या केसांनी झोपतीस, दुसरं काय! सांगून आयकतंय कोन?"

फेब्रुवारी सरला आणि वर्षाच्या चटणीचा हंगाम सुरू झाला. पोत्यानं मिरच्या येऊ लागल्या. सकाळी मशीनचा पट्टा फिरायला लागला की दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. तांबडी धूळ खिडकीच्या गजांवर, डब्यांच्या झाकणांवर, सोनियाच्या पाठीवरच्या दप्तरावर बसायची. क्रांती खोकायची आणि वजन करायची.

एके दिवशी एका बाईनं डबा पुढं केला, क्रांतीला उबळ आली आणि त्या बाईनं तोंडाला पदर लावून डबा मागं घेतला.

"टीबी-बिबी न्हाई न्हवं?" तिनं विचारलं. क्रांतीला नाही, धैर्यशीलला.

त्या दिवसापासून चंद्राबाईंनी क्रांतीचा कप आणि ताट वेगळं काढलं. सोनिया आजीजवळ झोपू लागली. पहिल्या रात्री पोरगी रडली, दुसऱ्या रात्री दाराशी येऊन उभी राहिली, मग तिनं तेही सोडलं. क्रांतीला उबळींपेक्षा ते जास्त लागलं. थुंकी तपासून झाली, छातीचा फोटो झाला. दोन्ही स्वच्छ आले. तिनं रिपोर्ट सासूबाईंपुढं ठेवला.

"चांगलंच झालं की," चंद्राबाई म्हणाल्या. "पर रिपोर्ट चुकत्यात बी. ऱ्हाऊ दे कप तसाच."

दुसऱ्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. रात्रीचा चहा सुटला, उशाला दोन उशा आल्या. फरक शून्य. तिसरे म्हणाले, ताण घेऊ नका. क्रांती आता खोकल्याआधीच खोकल्याला भ्यायची. हळदीकुंकवाला जायचं तिनं बंद केलं. एसटीत बसायचं बंद केलं. जोराची उबळ आली की लघवी थोडी सुटायची, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. बाथरूममध्ये जाऊन टॉवेल तोंडात कोंबून खोकायची, पाणी सोडून ठेवायची म्हणजे बाहेर आवाज जायला नको.

एप्रिलात चुलत बहिणीचं लग्न निघालं. सोनियाला घेऊन ती वडूजला गेली. पहिले दोन दिवस तिथंही खोकली. लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं संपली, टाळ्या वाजल्या, अक्षतांचे तांदूळ केसांतून झाडताना तिच्या ध्यानात आलं की एवढा वेळ आपण उभ्या होतो आणि एकदाही खोकलो नाही. आई म्हणाली, "हवापालट झाली, बरं वाटलं बघ." सोनिया तिच्या कुशीत झोपत होती. लग्नानंतरची पूजा होईपर्यंत खोकला नावालाही राहिला नव्हता.

घरी परतली त्या दिवशी मशीन चालू होतं. बॅग घेऊन ती जिना चढू लागली आणि निम्म्यात छाती आवळल्यासारखी झाली. वर पोचेस्तोवर ती कठड्याला धरून वाकली होती.

चंद्राबाई दारातच होत्या. "म्हायेरात बरा थांबतोय खोकला! आमच्याच घराचं वारं सोसंना व्हय तुला?"

क्रांतीनं बॅग आत नेऊन ठेवली. सासूबाईंनी टोमणा म्हणून जे म्हटलं तेच खरं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. आणि ते सांगायचं कुणाला? ज्या मशीनवर चूल पेटते त्याच मशीननं मला होतंय म्हणायचं? सांगितलं तर सुनेला काम नको, माहेरी पळायला निमित्त हवं, असं होणार. नाही सांगितलं तर रोज सकाळी उठून त्याच धुळीत जाऊन बसायचं. तिनं ओला रुमाल बांधून पाहिला. मग मास्क लावला. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "काय गं, करोना आला का परत?" धैर्यशील म्हणाला, "मास्क नको लावू. लोकं बिचकत्यात." तो वाईट माणूस नव्हता. हंगाम होता.

मे महिन्यात एका दुपारी वजनकाट्यावर वाकलेली असताना तिला उबळ आली आणि बरगडीत काहीतरी कट्‌कन वाजलं. श्वास घेता येईना. ती पोत्यावर बसली ती उठलीच नाही. धैर्यशीलनं मशीन बंद केलं. भर हंगामात, रांगेत बायका उभ्या असताना. एकदम शांतता झाली तसं त्यालाच कसंतरी झालं असावं. रिक्षा बोलावून त्यानं तिला मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर विनोदिनी वयानं फार मोठ्या नव्हत्या. बरगडीला चीर गेली होती, खोकून खोकून. त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. बरगडीचं दुखणं थोडं उतरल्यावर परत बोलावलं, नळीत फुंकर मारून घेतली, औषध देऊन पुन्हा फुंकायला लावली. मग विचारलं, "कुठं गेल्यावर खोकला कमी होतो का?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. क्रांतीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याची नखं पिवळी, भुवयांवर तांबूस धूळ. 'नाही' म्हटलं असतं तर तो विषय तिथंच मिटला असता.

"वडूजला," ती म्हणाली. "माझ्या माहेरी. तिथं थांबतो. घरी आलं की जिन्यातच सुरू होतो. खाली आमचं कांडपाचं मशीन हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. "सर्दीनं श्वासनळ्या नाजूक झाल्या. इतरांच्या भरून आल्या. तुमच्या भरायच्या आत रोज ती धूळ जात राहिली. हा दमाच आहे, फक्त तो खोकल्याच्या रूपानं आलाय. पंप देते. रोज घ्यायचा, घेतल्यावर चूळ भरायची. पण पंप घेऊन त्याच धुळीत बसलात तर मी कुठवर पुरणार?"

परत येताना रिक्षात धैर्यशील नखांतली पिवळी हळद कोरत राहिला.

घरी पंप पाहून चंद्राबाई भडकल्या. "पंप? एकदा लागला की मसनात जाईस्तोवर सुटत न्हाई त्यो! ह्यांचं काय झालं, ठावं हाय न्हवं?"

त्या बोलून गेल्या आणि थांबल्या. धैर्यशीलनं चपला काढता काढता वर पाहिलं.

"आये, तात्यांना खोकला कशानं झालता?"

"बिडीनं."

"तात्या कवा बिडी वढत हुतं?"

चंद्राबाई उठून आत गेल्या. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासू लागल्या.

धैर्यशीलनं आधी मशीनच्या खोलीत धूळ ओढणारा मोठा पंखा बसवला, जिन्याच्या तोंडाला जाड ताडपत्री लावली. धूळ कमी झाली, पण थांबली नाही. छताच्या फटींतून वर यायचीच. क्रांतीला पंपानं बरं वाटायचं, पण मशीन चालू असलं की दुपारनंतर घसा पुन्हा धरायचा. एके दिवशी तोच म्हणाला, "वस्तीवर जाऊया."

वस्ती म्हणजे उसाच्या रानातल्या दोन खोल्या. पत्र्याच्या, पण पक्क्या. क्रांतीला वाटलं तो चार दिवसांसाठी म्हणतोय.

"आन्‌ आत्ती?" तिनं विचारलं.

"आयेला बी घ्यायचं."

चंद्राबाई आल्या नाहीत. "तात्यांचं घर सोडून मी रानात झोपू? लोक म्हनत्याल, सून येगळी निघाली. जा तुमी. मी हाय हितंच." टेम्पोत सामान चढत होतं तोवर त्या खिडकीतही आल्या नाहीत.

वस्तीवरचे पहिले दिवस क्रांतीला जड गेले. चहूकडं ऊस, माणूस दिसायचा नाही. धैर्यशील अंधार पडताना यायचा, बाहेरच्या नळावर अंघोळ करून, कपडे तिथंच भिजवून मगच आत यायचा. गल्लीत ती आता घर फोडणारी झाली होती. दुकानात गेली की बायका हळू बोलायच्या. त्या घरातून सुटून या रानात अडकलो, असं तिला कितीदा वाटलं. खोकलाही लगेच गेला नाही. आधी रात्रीचा गेला, मग हसताना येणारा गेला. सोनिया पुन्हा तिच्या अंगावर पाय टाकून झोपू लागली.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी धैर्यशीलच्या गाडीवर मागं चंद्राबाई बसलेल्या दिसल्या. दारात आल्या, पण आत आल्या नाहीत. लुगडं ताजं धुतलेलं होतं, केस ओले. क्रांती पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या घेतला नाही.

"मी आंघूळ करून आलीया," त्या म्हणाल्या. "मशीन लावायच्या आधी."

"व्हय, आत्ती. या की आत."

"रातचं झोप लागती का?"

"लागती."

चंद्राबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग उंबऱ्यावरच बसल्या आणि तांब्यासाठी हात पुढं केला.

"ह्यांना लागायची न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.