ठमीची अंडी आणि इस्त्रीची ऊब

मी एक जुनी थर्माकोलची पेटी आहे, मित्रांनो. पिवळी पडलेली, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. नाक मुरडू नका! मासळीवाल्याकडे होते तेव्हा माझ्या पोटात बर्फ असायचा. गारठा जपायचा, एवढंच मला ठाऊक होतं. मग मी एका लाँड्रीत आले आणि माझं नशीबच पालटलं.

लाँड्रीवाले काका म्हणजे भारी हौशी माणूस. त्यांनी माझ्यात बल्ब बसवला, जाळी अंथरली, पाण्याची वाटी ठेवली आणि झाकणाला काचेची खिडकी केली. झाली अंडी उबवायची पेटी तयार! मी अगदी फुशारून गेले. पण पहिल्याच खेपेला फजिती झाली. डाग दिसला की काकांचा हात थोडाच गप्प बसतो? त्यांनी एकेक अंडं साबणाच्या पाण्यात धुऊन लख्ख केलं आणि मगच आत ठेवलं. कवचावर एक पातळ आवरण असतं, ते धुतलं गेलं की घाण आत शिरते, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. सगळी अंडी नासली. असा वास सुटला की गिऱ्हाइकं नाक दाबून कपडे न्यायची. काकूंनी मला घासूनपुसून माळ्यावर टाकलं.

काकांची एक लाडकी कोंबडी होती, ठमी. रंगानं तांबूस, शेपूट तुटकं, पण तोरा असा की दुकानाच्या दारात बसली तर गिऱ्हाइकानंच वळसा घालावा. ती मागच्या अंगणात खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. एके सकाळी मुंगसानं तिला मारलं. काका घरट्यापाशी मटकन खाली बसले.

"संपलं सगळं," ते म्हणाले. "आता पुन्हा कोंबडी पाळायची नाही."

काकूंनी अंड्यांना हात लावून पाहिला. "संपलं काय? अजून कोमट आहेत. ती पेटी काढा खाली!"

ठमीची तेवढीच काय ती आठवण उरली होती, आणि ती माझ्या पोटात येऊन पडली. एका अंड्याला चिखल लागला होता. काकांचा हात आपसूक फडक्याकडे गेला.

"खबरदार! राहू द्या तो डाग," काकू कडाडल्या. एकदा हात पोळल्यावर त्या शहाण्या झाल्या होत्या.

मग काकूंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. दुकान सांभाळून त्या दिवसातून कितीदा तरी अंडी उलटत, वाटीत पाणी भरत. विजेरी लावून पाहिलं तेव्हा आत लाल दोऱ्यांसारख्या शिरा दिसल्या. काका इतके हरखले की इस्त्रीखालच्या शर्टाची कॉलर करपली.

पिल्लं बाहेर यायला थोडेच दिवस उरले असताना भर दुपारी वीज गेली. माझा बल्ब विझला. संध्याकाळपर्यंत वीज येणार नाही, असं वायरमन सांगून गेला. मी होती नव्हती ती ऊब धरून ठेवली, पण आतल्या तापमापकाचा पारा खाली येऊ लागला. काका रडकुंडीला आले. काकूंनी मात्र कोनाड्यातली जुनी कोळशाची इस्त्री ओढून काढली.

"वारा घाला कोळशांना. रडायला पुढे वेळ आहे."

काकू इस्त्रीनं चादरी गरम करायच्या, घडी घालायच्या, गालाला लावून पाहायच्या आणि माझ्याभोवती गुंडाळायच्या. एक निवली की दुसरी. त्यांचा गाल लालबुंद झाला होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं.

"वहिनी, माझ्या चादरी झाल्या का?"

"झाल्या, पण त्या कामावर गेल्यात. उद्या या!"

संध्याकाळी बल्ब पेटला. मी खूप माणसं पाहिली, पण अशी जिद्दीची बाई पाहिली नाही.

आणि एके सकाळी आतून टकटक झाली. कवचाला भोक पडलं. काका झाकण उचलायला धावले, तर काकूंनी हात आडवा घातला. झाकण उघडलं की आतली ओल जाते आणि पिल्लू कवचाला चिकटून बसतं. दोघं खिडकीला नाक लावून बसून राहिली. शेवटी चिखलाच्या अंड्यातून एक ओलं, तांबूस पिल्लू धडपडत बाहेर पडलं. काका ढसाढसा रडले आणि मग लहान मुलासारखे हसले. बाकीचीही एकामागून एक आली.

आता माझा बल्ब गेलाय. मी अंगणात पडून असते. परवा ती तांबडी कोंबडी, ठमीची लेक, खुडूक झाली आणि ऐटीत माझ्यातच येऊन बसली. काका नवा बल्ब घेऊन आले होते. तिला पाहून त्यांनी तो खिशात टाकला. आता ऊब तिची आणि भिंती माझ्या.

मित्रांनो, जीव वाढवायचा तर त्याच्यापाशी बसावं लागतं, आणि वेळ आली की हात आवरावाही लागतो. माझ्यात डोकवायला या, पण लांबूनच. तिच्या पोटाखाली एक अंडं आहे, त्याला हा एवढा मोठा डाग आहे. काका रोज येतात, तो डाग बघतात, हात पाठीमागे बांधतात आणि तसेच परत जातात.