डोहात ओतलेला हिरवा रंग

वरच्या वाडीची गुरं ज्या डोहात डुंबतात, तेच पाणी जमिनीखालून खालच्या वाडीच्या झऱ्याला येतं का, यावरून चियापासच्या डोंगरातल्या सान तेल्मो गावात दोन वर्षं भांडण पेटलं होतं. खालचे म्हणत, "डोहाला कुंपण घाला." वरचे म्हणत, "तुमच्या झऱ्याचं तुम्ही बघा." वरच्यांचा म्होरक्या होता फुल्हेन्सिओ. आणि एर्लिंडा, जी गिरणीमागच्या खोलीतून गावचा रेडिओ चालवायची, ती त्याचीच मुलगी.

शेवटी एर्लिंडाने ठरवलं, रविवारी सगळं गाव रेडिओवर ऐकत असतानाच सोक्षमोक्ष लावायचा. विद्यापीठातल्या मैत्रिणीने तिला निरुपद्रवी हिरवा रंग पाठवला होता. प्रार्थना आटोपल्यावर दोन्ही वाड्यांच्या साक्षीने तो डोहात ओतला. आता पाणी कुठे हिरवं निघतं, एवढंच बघायचं.

"कर काय करायचं ते," बाप म्हणाला. "संध्याकाळी तोंड लपवायला जागा शोध."

ती जाऊन माईकसमोर बसली.

झऱ्यावर तिने खालच्या वाडीतल्या कासिल्दाला फोन देऊन बसवलं होतं. "काय दिसतंय, कासिल्दा?"

"पाणी दिसतंय, दुसरं काय! एक बेडूकही आहे. तो कुठल्या वाडीचा, विचारून सांगते."

मधल्या वेळात गिरणीच्या अंगणात मारिंबावाले आपल्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर धून वाजवत होते. फर्माइशींचे फोन येत होते. वरच्या वाडीतली एक म्हातारी म्हणाली, "खालच्या त्या जाडूबाईसाठी एक गाणं लावा. भांडण असलं म्हणून काय झालं, तिचा आज वाढदिवस आहे!"

दुपार उलटली. एर्लिंडाला वाटायला लागलं, आपलं हसं होणार. तेवढ्यात फोन खणाणला.

"एर्लिंडे! माझ्या विहिरीत कोणी काय कालवलंय? पोपटासारखं हिरवंगार पाणी आलंय!"

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सगळं गाव ऐकतंय."

मारिंबा थांबला. दुसऱ्या फोनवर कासिल्दा किंचाळली, "आला! आला! झरा हिरवा झाला गं!"

बापाच्या बाजूने बादली विहिरीत आदळल्याचा आवाज आला.

"म्हणजे," तो म्हणाला, "दोन वर्षं मी माझ्याच गाईंनी घाण केलेलं पाणी पितोय?"

"हो, बाबा."

आणि तो हसायला लागला. आधी नाकातून, मग खो-खो, शेवटी ठसका लागेपर्यंत. ते हसणं ऐकून गावभर घराघरांत लोक हसायला लागले.

"उद्याच कुंपण घालतो," तो धापा टाकत म्हणाला. "खांब माझे. खड्डे खालच्यांनी खणावेत, फार बोलत होते ना!"

"खणतो की!" कासिल्दा ओरडली. "खायला मक्याचे गरम तामाले मात्र तुमच्याकडचे!"

तासाभरात फुल्हेन्सिओ हिरव्या पाण्याची बादली घेऊन अंगणात हजर. पाठोपाठ दोन्ही वाड्या. मारिंबा पुन्हा सुरू झाला, तिथेच पावलं थिरकायला लागली. ती वाढदिवसाची जाडूबाई त्या म्हातारीला गरागरा फिरवत होती.

बापाने लेकीच्या हातून माईक काढून घेतला आणि चुनखडीच्या डोंगरात पाणी कसं कुठून कुठे जातं, हे जणू त्यानेच शोधून काढल्यासारखं तो सांगायला लागला. एर्लिंडाने वेळ संपल्याची खूण केली. त्याने हाताने तिला गप्प केलं.

ती दाराला टेकून पोट धरून हसत राहिली.